दुखण्याचं सोंग

आमच्या घरात मार हे औषध होतं आणि ते बाबाच्या हातून मिळायचं. तापाला मार नव्हता, पडून डोकं फुटलं तर नव्हता. पण ज्या दुखण्याचं कारण डोळ्यांना दिसत नाही त्याला बाबाच्या लेखी एकच नाव होतं, सोंग. आणि सोंगावर एकच उतारा. हे औषध सगळ्यात जास्त माझ्या भावाच्या वाट्याला आलं. तो माझ्याहून चार वर्षांनी लहान. सगळा दोष बाबावर ढकलून मोकळी झाले असते तर बरं झालं असतं, पण त्याच्या अंगावरचे काही वळ माझ्या हातचे आहेत. ते मी आधीच कबूल करून टाकते.

बाबा नागपूरजवळ वाडीला ट्रान्सपोर्टच्या गोदामात हमाल होता, पुढे टोळीचा मुकादम झाला. क्विंटलभराचं पोतं पाठीवर घेऊन तो फळीवरून ट्रकमध्ये असा चढायचा की बघणाऱ्याला पोत्यात कापूस आहे असं वाटावं. आम्ही अमरावती रोडला, नाक्याच्या मागे, भाड्याच्या एका खोलीत राहायचो. दीक्षेच्या वर्षी मी मायच्या कडेवर होते. दीक्षा घेऊन आल्यावर बाबानं घरातले सगळे देव टोपलीत भरले, नदीत नेऊन टाकले, आणि भगत, अंगारा, नवस हे घरात चालणार नाही असा कायदा केला. कायदा चांगलाच होता, मी आजही तो पाळते. पण देव उठले त्या रिकाम्या जागी बाबानं शरीर आणून बसवलं. "देव टाकले, आता आपलं अंगच आपला देव," असं तो म्हणायचा. "ज्याचं मनगट मजबूत, त्याले कोनी गावाबाहेर बसवत नाही." त्याच्या बापाला गावानं कुठे बसवलं होतं, ते त्यानं पाहिलेलं होतं. म्हणून त्याच्या बोलण्याला मला आजही हसता येत नाही.

चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत आमच्या वस्तीचं लाठीपथक निघायचं आणि ते बाबा तयार करायचा. डिसेंबर लागला की वस्तीतली सगळी पोरं उजाडायच्या आत गोदामाच्या आवारात हजर. दौड, बैठका, लाठीचे हात, आणि शेवटी ट्रक धुवायच्या सिमेंटच्या हौदातल्या पाण्यानं आंघोळ. नागपूरची थंडी उन्हाळ्याइतकी नावाजलेली नाही, पण जानेवारीत त्या हौदातलं पाणी अंगावर घेणं म्हणजे चाबूक खाण्यासारखंच. बाकीची पोरं आरडाओरडा करत, हसत आंघोळ करायची. माझा भाऊ सात वर्षांचा झाल्यापासून त्या रांगेत होता.

तो वर्षाचा असताना त्याचे हात-पाय पुरीसारखे फुगले होते. पुढे डोळे कायम पिवळट, पिंढऱ्या काडीसारख्या, आणि पोट डाव्या बाजूनं टपोरलेलं. कवायतीला पंधरा मिनिटं झाली की तो खाली बसायचा.

"काहून बसला?" बाबा विचारायचा.

"दुखून राहिलं, बाबा."

"कुठं?"

"सगळीकडं."

हे 'सगळीकडं' त्याला नडायचं. बाबाच्या मते खऱ्या दुखण्याला ठिकाण असतं, गुडघा तर गुडघा, पाठ तर पाठ. सगळीकडे दुखतं ते आळशाला. मग लाठी पडायची. पोटऱ्यांवर, मांड्यांवर, पाठीवर. भाऊ रडत उठायचा, दोन पावलं पळायचा, पुन्हा बसायचा, पुन्हा खायचा. आणि तीन-चार दिवस कण्हत अंथरुणात काढल्यावर पाचव्या दिवशी पठ्ठ्या मैदानात पतंग उडवताना दिसायचा. त्या पतंगानं त्याचा घात केला. खरं दुखणं असं पाहुण्यासारखं येतं आणि जातं का, असं वस्तीतला जो तो विचारायचा. मीसुद्धा.

मायचा विश्वास होता, पण मायचं औषध वेगळंच निघालं. भाऊ पाच वर्षांचा असताना ती भाच्याच्या बारशाचं निमित्त करून आम्हाला सावनेरकडच्या तिच्या गावी घेऊन गेली. पोटात पानथरी, म्हणजे प्लीहा, वाढली, डागल्याशिवाय बसायची नाही, असं तिला तिथल्या बायांनी सांगितलं होतं. एका म्हातारीनं चुलीत विळा तापवला. मामानं भावाचे खांदे दाबले, मायनं तोंड धरलं आणि पाय मी धरले. मी नऊ वर्षांची होते. विळ्याचं टोक डाव्या बरगडीखाली तीनदा टेकलं. तिसऱ्या वेळी त्याचा पाय माझ्या हातातून सुटला आणि माझ्या ओठावर बसला. मला इतका राग आला की मी दोन्ही पायांवर चढून बसले. त्याच्या किंकाळीपेक्षा त्या वासाची आठवण मला जास्त येते.

घरी आल्यावर दोन दिवसांनी आंघोळ घालताना बाबाला ते डाग दिसले. त्यानं मायला अंगणात ओढलं. "देव बुडवले मी, अन् तू भगत पदरात लपवून ठेवला?" एवढं एकच वाक्य तो पुन्हा पुन्हा म्हणत होता आणि प्रत्येक वेळी एक तडाखा. मायनं तोंडावर हात घेतले तेव्हा लाठी मनगटावर पडली आणि हाड मोडलं. तो हात पुढे कधी सरळ झाला नाही, भाकरी थापताना तिची भाकरी एका बाजूनं जाड व्हायची. हाच बाबा मग आठ दिवस भावाला मांडीवर घेऊन त्या जखमांना खोबरेल लावत होता. फुंकर घालत होता. मला दोन्ही दृश्यं सारखीच स्पष्ट दिसतात आणि दोन्हींचा माणूस एकच कसा, हे कोडं मी सोडवायचा नाद सोडला आहे. एवढं मात्र झालं की भाऊ म्हातारीच्या विळ्यातून सुटला आणि बाबाच्या कवायतीत सापडला. आगीतून फुफाट्यात.

आता माझं. मी सातवीत होते, तो तिसरीत. सकाळी शाळेत जायचं, अंतर चांगलं अर्ध्या तासाचं, रस्त्यानं ट्रकांची रांग. त्या दिवशी माझी चित्रकलेची परीक्षा होती. शाळेत मला जमणारी गोष्ट तेवढी एकच. नाक्यापाशी तो रस्त्याच्या कडेला बसला.

"ताई, हाडं दुखून राहिले. थोडं थांब ना वं."

मी थांबले. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तो बसला तेव्हा माझ्या डोक्यात सणक गेली. दप्तरातून लाकडी पट्टी काढली आणि त्याच्या पायांवर, हातांवर, मानेवर, जिथे लागेल तिथे मारत सुटले. एक ट्रक ड्रायव्हर वरून ओरडला, "अरे मर जायेगा वो." मी त्यालाही शिवी दिली. पट्टीची कड भुवईवर लागून रक्त आलं तेव्हा मी थांबले. भाऊ उठला. रक्त बाहीला पुसलं आणि माझ्या पुढे चालायला लागला. शाळेपर्यंत कुठेही बसला नाही. मला वाटलं, पाहा, मार दिला तर कसा नीट चालतो. बाबा बरोबर सांगतो. मी परीक्षेत पहिली आले. त्या दिवसापासून भावानं मला दुखतं म्हणून सांगणं बंद केलं, आणि ते बंद झालं आहे हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही.

मॅट्रिक होऊन मी नागपूरच्या सदर भागातल्या एका खाजगी लॅबमध्ये लागले. आधी काचेच्या बाटल्या धुवायच्या, मग हळूहळू रक्त काढायला, काचपट्टीवर पसरवायला, रंगवायला शिकले. लॅबचे डॉक्टर वयस्क, तिरसट आणि शिकवायची हौस असलेले. दोन वर्षांत त्यांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायला शिकवलं.

भाऊ पंधरा वर्षांचा झाला, पण दिसायला अकराचा. पथकातून बाबा त्याला सोडत नव्हता, मुकादमाच्याच पोरानं माघार घेतली तर बाकीच्यांना काय सांगायचं? जानेवारीतल्या एका सकाळी तो दौडीत मागे पडला आणि गोदामाच्या भिंतीला टेकून उभा राहिला. या वेळी दुखतं असंही म्हणाला नाही, नुसता उभा राहिला. बाबाला ते जास्त लागलं. "आज तुयं सोंगच उतरवतो," असं म्हणून त्यानं भावाला उचललं आणि कपड्यांसकट हौदात टाकलं. वर आला की डोकं दाबून खाली. पुन्हा वर, पुन्हा खाली. पोरं पाहत होती. मी कामावर निघाले होते, आवारातून धावत आले आणि बाबाच्या दंडाला दातांनी चावले. तेव्हा त्याचा हात सुटला.

भाऊ श्वास घेताना कुत्र्यासारखा धापत होता. मी त्याला रिक्षात घालून सरळ लॅबवर नेलं, दुसरा डॉक्टर मला माहीतच नव्हता. डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली, पोट चाचपलं, डागांवरून बोट फिरवलं.

"आई कुठली? वडील कुठले?" त्यांनी विचारलं. मी गावं सांगितली. त्यांनी मान हलवली आणि मला म्हणाले, "एक थेंब रक्त काढ, त्यात हे औषध टाक, काच ठेव आणि कडा व्हॅसलिननं बंद कर. आत हवा जाता कामा नये. अर्ध्या तासानं बघ."

मी पाहिलं. वाटोळ्या पेशींचं पीक जिथे असायला हवं तिथे सगळीकडे विळे पसरले होते. बारीक, टोकदार, वाकडे.

मग डॉक्टरांनी मला समजावलं. आमच्या घरात पुढे मी ते बाबाच्या भाषेत सांगितलं, आणि आता मलाही ते त्याच भाषेत आठवतं. लाल पेशीत हिमोग्लोबिन नावाचं प्रथिन असतं. फुफ्फुसात प्राणवायू पाठीवर घ्यायचा आणि अंगभर नेऊन उतरवायचा, हे त्याचं काम, म्हणजे हमालीच. प्रथिन म्हणजे बारीक मण्यांची माळ, ठरलेल्या पद्धतीनं घडी घातलेली. भावाच्या माळेत एक मणी चुकीचा होता. पाठीवर माल आहे तोवर काही बिघडत नाही. माल उतरला की तो चुकीचा मणी हमालाच्या हुकासारखा शेजाऱ्यात अडकतो, शेजारी त्याच्या पुढच्यात, आणि अशी लांबच लांब साखळी होते. साखळ्यांची ताठ दोरी होते, ती दोरी पेशीला आतून ताणून वाकडी करते. मऊ पेशी बारीक नळीतून सरकून जाते, वाकडी अडकते. तिच्या मागच्या अडकतात. पुढच्या हाडाला रक्त मिळत नाही. ते उपाशी मरायला लागतं, आणि हाडं तर सगळीकडेच असतात. थंडी वाजली, अंगातलं पाणी कमी झालं, दम तुटेस्तोवर पळवलं, की हे सगळं लवकर घडतं. ऊब मिळाली, पाणी मिळालं की बऱ्याच पेशी सुटतात. म्हणून पाचव्या दिवशी पतंग.

म्हणजे बाबाची कवायत आणि हौद ही हा रोग उठवायची चोख कृती होती. आठ वर्षं आम्ही ती दर हिवाळ्यात न चुकता पाळली होती. चोर रक्तात बसला होता आणि आम्ही संन्याशाला फाशी देत होतो. मी लॅबच्या मोरीत उलटी केली. भाऊ बाकावर ब्लँकेटमध्ये होता, तो म्हणाला, "ताई, तुले बरं नाही काय?"

डॉक्टरांनी त्याला मोठ्या दवाखान्यात पाठवलं, रक्त चढलं, तो वाचला. यावर कायमचा इलाज नाही, ऊब, भरपूर पाणी, गोळ्या, आणि दुखायला लागलं की लगेच दवाखाना, एवढंच हातात आहे असं तिथे सांगितलं. मायला मी पेशींचा आकार सांगितला तेव्हा ती पदर तोंडात कोंबून भिंतीकडे वळली.

बाबाला सांगणं राहिलं होतं. मी सांगितलं, आणि दात-ओठ खाऊन पुढचंही सांगितलं, "अर्धं तुमच्याकडून आलं, बाबा. अर्धं मायकडून. दोन्ही अर्धे भेटले तवाच असं होते."

त्यानं मला अशी थोबाडीत मारली की मी चुलीपर्यंत गेले. "क्विंटलभर उचलतो वं मी. माया रक्तात खोट निघन?"

"मंग द्या बोट," मी म्हटलं. तोंडात रक्ताची चव होती.

तो रविवारी धुतलेलं धोतर-सदरा घालून सदरला आला. बोट पुढे केलं, तोंड दुसरीकडे. मी गरजेपेक्षा खोल टोचलं, तेही खरं आहे. त्याच्या पेशी सावकाश वळल्या, पण वळल्या. मायच्याही तशाच. डॉक्टरांनी त्याला एक डोळा मिटून पाहायला शिकवलं. ज्याच्याकडे अर्धंच असतं त्याच्या पेशीत निम्मे हमाल चांगले असतात, ते साखळी लांबू देत नाहीत, म्हणून तुम्हाला काही होत नाही, असं त्यांनी सांगितलं. बाबा किती तरी वेळ वाकून पाहत होता. मग उभा राहिला आणि एवढंच विचारलं, "मंग मी त्याले मारत होतो तवा, खरंच दुखत होतं काय त्याले?"

"हो," डॉक्टर म्हणाले.

घरातला मार त्या दिवशी संपला. राग संपला नाही, वड्याचं तेल वांग्यावर निघायचं. एका हमालानं भावाला बिमार पोट्टा म्हटलं तर बाबानं त्याचे दोन दात पाडले. पण भावाला त्यानं परत बोट लावलं नाही. रजई आणली, पाण्याचा माठ त्याच्या खाटेपाशी आणून ठेवला, आणि आम्ही तिघं डोळ्यात तेल घालून त्याला जपू लागलो. दिवसातून दहादा विचारायचो, "दुखते काय?" तो म्हणायचा, "नाही. बरा आहो." आम्हाला हायसं वाटायचं. अधूनमधून तो चेहरा पाहूनच ओळखावा लागायचा आणि मग दवाखाना गाठायचो. असं चार-पाच वर्षं चाललं. त्याला बाबाच्याच गोदामात बिल्ट्या, ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, लिहायचं काम मिळालं, अक्षर सुरेख होतं त्याचं.

तो वीस वर्षांचा असताना, जानेवारीतच, एका सकाळी गोदामात टेबलापाशीच कोसळला. बाबानं त्याला पाठीवर घेतलं आणि पहिल्या ट्रकमधून दवाखान्यात आणलं. मी पोहोचले तेव्हा डॉक्टर विचारत होते, केव्हापासून दुखतंय? बाबा म्हणाला, आताच, सकाळी तर बरा होता. सोबत आलेला गोदामातला कारकून म्हणाला, "चार दिवस झाले, साहेब. उजव्या हातात पेन धरता येत नव्हता, तर डाव्यानं लिहून राहिला होता. घरी सांगू नको म्हणे."

चार दिवस तो आमच्याबरोबर जेवला होता. चार दिवस आम्ही विचारलं होतं आणि त्यानं बरा आहे म्हटलं होतं. आयुष्यभर त्यानं खरं सांगितलं तेव्हा आमचा विश्वास बसला नाही, आणि तो खोटं बोलला ते आम्ही एका झटक्यात खरं मानलं. फुफ्फुसं भरली होती, आता उशीर झाला, असं डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले.

मी खाटेपाशी जाऊन त्याच्यावर ओरडले. अशा वेळीही मला ओरडायलाच सुचलं. "काहून नाही सांगतलं गा तू? आता कोण मारत होतं तुले?"

"सांगीन म्हनलं होतं," तो म्हणाला. एकेका शब्दाला त्याला श्वास पुरत नव्हता. "तोंडातून निघतच नाही, ताई."

संध्याकाळी त्याची शुद्ध हरपायला लागली. कपाळावर घाम डवरला होता. बाबा उशापाशी गेला आणि घाम पुसायला हात पुढे केला. भावाचे डोळे मिटलेले होते. हाताची सावली तोंडावर आली तशी त्यानं सलाईन लावलेला हात ओढून कोपर तोंडावर घेतलं आणि पुटपुटला, "नाही दुखत, बाबा. नाही दुखत."

त्यानंतर तो दोन दिवस होता. ते दोन्ही दिवस बाबा खाटेपासून चार पावलं लांब, दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहिला.